कोथरूडचा टू बीएचके: ९० लाखांना घ्यायचा की २७ हजार भाड्यानं राहायचं?

नवरा चौतीस वर्षांचा, बायको बत्तीसची, मुलगी चार वर्षांची. बायको हिंजवडीला फेज दोनमध्ये, हातात महिना ९० हजार. नवरा शिवाजीनगरला, हातात ७५ हजार. कोथरूडला टू बीएचके भाड्यानं, २७ हजार, मेंटेनन्स मालकाकडे, डिपॉझिट एक लाख. शिल्लक ३८ लाख, काही म्युच्युअल फंडात, काही एफडीत. पीएफ धरलेला नाही. २०२५ मध्ये शेजारच्याच सोसायटीतला तसाच फ्लॅट विक्रीला निघाला, मागणी ९० लाख. प्रकरण प्रातिनिधिक आहे आणि आकडे गोल केलेले आहेत, पण हिशोबाची रीत पुण्यात कुठंही तशीच लागू पडते.

दोन्हीकडचे आईवडील म्हणतात, "भाडं म्हणजे पाण्यात. त्यात थोडी भर घातली की हप्ता होतो." इथे भर थोडी नाही. ७० लाखांचं कर्ज, ८ टक्के, २० वर्षं: हप्ता ५८,५५०. शिवाय हप्ता आणि भाडं यांची तुलनाच चुकीची. हप्त्यातला काही भाग मुद्दलाचा, म्हणजे आपल्याच खिशातला. उलट हप्त्यात न दिसणारे खर्च पुष्कळ.

आधी घर पाहू, मग पैसे

इमारत २००६ ची. जाहिरातीत १,०२० चौरस फूट, म्हणजे 'सेलेबल', जिना-लॉबीचा वाटाही धरलेलं माप. टेपनं भिंतीच्या आतून मोजल्यावर निघाले ६९०. सेलेबलवर दर ८,८२४ रुपये फूट पडतो आणि ऐकायला बरा वाटतो. कार्पेटवर, म्हणजे भिंतीच्या आतल्या मापावर, तो १३,०४३ होतो. आजूबाजूच्या नव्या प्रकल्पांचे भाव रेरामुळे (गृहप्रकल्पांच्या नियमनाचा कायदा) कार्पेटवर असतात, त्यामुळे जुन्या-नव्याची तुलना करायची तर दोन्ही कार्पेटवर आणूनच.

मागच्या बेडरूमला नवा रंग होता, पण एकाच भिंतीला आणि तोही जमिनीपासून जेमतेम तीन फूट. भिंतीपलीकडे बाथरूम. हात लावल्यावर थंड लागलं, स्कर्टिंगच्या फटीत पांढरी भुकटी. वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. बाथरूमची फरशी उखडून पुन्हा करावी लागेल, आणि आपल्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतात उतरत असेल तर भांडणही घरासोबत विकत येईल. खालच्या मजल्यावर जाऊन "काकू, छताला ओल येते का?" एवढं विचारायला पाच मिनिटं लागतात. बहुतेक खरेदीदार विचारत नाहीत.

सोसायटीच्या सेक्रेटरींना पहिला प्रश्न: "काका, कन्व्हेयन्स झालंय?" उत्तर: "बिल्डर देतो म्हणतोय." एकोणीस वर्षं देतो म्हणतोय. कन्व्हेयन्स म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीला देणारा दस्त. मोफा या महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावे व्हायला हवी होती. बिल्डर देत नसेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवाय कन्व्हेयन्स मिळवण्याचा, अर्ज करता येतो. इथे अर्जच केलेला नाही. आज राहायला त्यामुळे काही अडत नाही. पण 'कोथरूडची जुनी बिल्डिंग आहे, रीडेव्हलपमेंटला जाणारच' असं म्हणून एजंट ज्या स्वप्नाचे पैसे मागतोय, ते जमीन सोसायटीच्या नावावर नसताना लांबणीवर पडतं. त्या स्वप्नाचा एक रुपयाही भावात धरायचा नाही, असं ठरलं. भोगवटापत्र आणि शेअर सर्टिफिकेट होतं, सोसायटीची थकबाकी नव्हती.

सर्वांत बोलका कागद निघाला त्याच फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जुने दस्त शोधता येतात. विक्रेत्यानं हाच फ्लॅट २०१३ मध्ये ५८ लाखांना घेतला होता. ५८ चे ९० व्हायला १२ वर्षं लागली, म्हणजे वर्षाला ३.७ टक्के. एजंटचं वाक्य होतं, "कोथरूडला पैसा दुप्पट होतो." होतो, पण या वेगानं एकोणीस वर्षं लागतात. आणि २०१३ च्या व्यवहारात काही रक्कम रोखीनं गेली असेल तर खरी खरेदी ५८ हून जास्त आणि खरी वाढ ३.७ हून कमी. एका फ्लॅटवरून बाजार ठरत नाही, म्हणून त्याच गल्लीतले आणखी तीन-चार दस्त काढून पाहावेत. पण स्वतःच्या फ्लॅटचा इतिहास न पाहता सही करणं म्हणजे गाडीचं रीडिंग न पाहता जुनी गाडी घेणं.

९० लाखांचं घर किती लाखांना पडतं

मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के: ६,३०,००० रुपये. ते करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेला भाव) यांत जे जास्त असेल त्यावर. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३० हजार. एजंट १ टक्का, ९० हजार. वकिलाचा सर्च रिपोर्ट, बँकेची प्रक्रिया फी, गहाणाची नोंद मिळून ५० हजार. सोसायटीची ट्रान्सफर फी २५ हजार. महापालिका हद्दीत यापेक्षा जास्त घेता येत नाही, 'ऐच्छिक देणगी'च्या नावाखालीही नाही. बेरीज ८,२५,०००. त्यावर बाथरूम, वायरिंग, ओटा, रंग मिळून ३,७५,०००. एकूण १२ लाख, आणि यातलं फारसं काही विकताना परत मिळत नाही.

बँक यातल्या मुद्रांक आणि नोंदणीसाठी कर्ज देत नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा. म्हणून ७० लाख कर्ज, २० लाख स्वतःचे आणि वरचे १२ लाखही स्वतःचे. ३८ पैकी ३२ लाख गेले, हातात ६ लाख उरले.

इथे एक बारीक गोष्ट. फ्लॅट एकट्या बायकोच्या नावानं घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, म्हणजे ९० हजार रुपये वाचतात. नवऱ्याचं नाव दस्तात आलं की सवलत गेली. कर्जाला मात्र नवरा मालक नसतानाही सहकर्जदार राहू शकतो. पूर्वी लोक दोघांची नावं घालायचे, कारण व्याजावर प्रत्येकी दोन लाखांची प्राप्तिकर वजावट मिळायची. ती वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. हे दोघंही नव्या प्रणालीत आहेत. तिथे स्वतः राहत्या घराच्या व्याजावर काही मिळत नाही आणि घरभाडे भत्त्याची सूटही नाही. तेव्हा 'करात वाचेल' हा मुद्दा दोन्ही बाजूंनी बाद.

विक्रेत्याची एक अट होती: करार ८० चा, १० रोख. त्याला नकार. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो, बँक कर्जासाठी ८० च धरते, आणि उद्या हेच घर विकताना आपली खरेदी किंमत कागदावर ८० राहून नफ्यावरचा कर वाढतो. मुद्रांक शुल्काचे ७० हजार वाचवायला एवढं ओढवून घ्यायचं नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असल्यानं १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे आधीच भरायचा प्राप्तिकर) खरेदीदारानं कापून भरायचा असतो, हेही इथेच लिहून ठेवावं. विसरणारे पुष्कळ, नोटीस नंतर येते.

जळणारे पैसे

परत न येणारा पैसा दोन्हीकडे असतो. भाडेकरूचं भाडं जळतं. मालकाचं व्याज, मेंटेनन्स, मिळकत कर, दुरुस्ती आणि गुंतवलेल्या स्वतःच्या पैशावरचं बुडालेलं उत्पन्न जळतं.

पहिल्या वर्षी: व्याज ५.५५ लाख. मेंटेनन्स ४२ हजार, मिळकत कर १४ हजार, दुरुस्तीसाठी राखीव २४ हजार, विमा ४ हजार, मिळून ८४ हजार. ३२ लाखांवर ८ टक्क्यांनी बुडालेलं उत्पन्न २.५६ लाख. एकूण ८.९५ लाख. समोर भाड्याचे ३.२४ लाख. फरक ५.७१ लाख, म्हणजे ९० लाखांवर ६.३ टक्के. घराचा भाव दर वर्षी एवढा वाढला तरच बरोबरी. आणि सुरुवातीचे १२ लाख भरून काढायचे ते वेगळेच.

पुढची वर्षं मांडताना धरलेल्या गोष्टी: भाडं आणि मालकाचा चालू खर्च वर्षाला ६ टक्के वाढतो (करारात वाढ ५ टक्के असते, घर बदललं की उडी बसते, म्हणून ६), दर तीन वर्षांनी घर बदलण्याचे ५० हजार, भाडेकरू ३२ लाख आणि दरमहाचा फरक ८ टक्के करोत्तर परताव्यानं गुंतवतो, विकताना २ टक्के खर्च. मग बरोबरी होण्यासाठी घराच्या भावात हवी असलेली वार्षिक वाढ अशी येते:

४ वर्षांत विकलं तर ९.५ टक्के
७ वर्षांत विकलं तर ७.८ टक्के
१५ वर्षांत विकलं तर ६.५ टक्के

मुदत वाढली की आकडा उतरतो. १२ लाखांचा प्रवेशखर्च अधिक वर्षांवर पसरतो, आणि हप्ता जागच्या जागी राहतो तर भाडं चढत जातं. चार वर्षांत बदली होण्याची शक्यता असलेल्यानं हे घर घेणं निव्वळ तोट्याचं. सौदा ८२ लाखांवर आला असता, तर सात वर्षांची गरज ७.८ वरून ७.६ वर येते. आठ लाख कमी होऊनही पाव टक्कासुद्धा नाही. दर कमी करून घेण्यापेक्षा राहण्याची वर्षं जास्त वजनदार आहेत.

आता याच हिशोबाची कच्ची बाजू. ८ टक्के कुणी लिहून देत नाही. सगळे पैसे एफडीत ठेवले आणि करानंतर ५ टक्के पडले, तर सात वर्षांचा आकडा ६.३ वर येतो. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. मालकाचा महिना ६५,५५० चा (हप्ता ५८,५५० आणि मेंटेनन्स वगैरे चालू खर्चाचे ७ हजार), भाडेकरूचा २७ हजारांचा. मधले ३८,५५० दरमहा खरोखर गुंतवले जातील असं गृहीत धरलंय. त्यातले निम्मेच गुंतवले, निम्मे खर्च झाले, तर सात वर्षांचा आकडा ५.७ वर घसरतो. हप्ता ही सक्तीची बचत आहे, हे ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं इथं खरं ठरतं. फक्त ते भाड्याला नावं न ठेवता सांगितलं पाहिजे.

हप्ता झेपतो का

१ लाख ६५ हजारांत ६५,५५० म्हणजे ४० टक्के. जमतं. पण बायकोची नोकरी सहा महिने गेली, तर नवऱ्याच्या ७५ हजारांतून हप्ता आणि मेंटेनन्स वगैरे चालू खर्च जाऊन साडेनऊ हजार उरतात, त्यात मुलीची शाळा आणि वाणसामान. राखीव ६ लाख तेवढ्यासाठीच आहेत. इंटिरिअरवाल्यानं 'आत्ताच करून घ्या' म्हटलं म्हणून त्यांना हात लावायचा नाही.

व्याजदर बदलता असतो. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा. तशी अडीच टक्क्यांची उडी पुन्हा बसली तर ८ चे साडेदहा होतात. अशा वेळी बँका हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवतात आणि कर्जदाराला कळतही नाही. इथे मात्र तेही शक्य होणार नाही: साडेदहा टक्क्यांनी ७० लाखांचं महिन्याचं व्याजच ६१,२५० होतं, हप्त्यापेक्षा जास्त. हप्ता ६९,९०० करावाच लागतो. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. तो मागून घ्यावा. बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही.

'नोकरी बदलली तर फ्लॅट भाड्यानं देऊ' असं दोघं म्हणत होते. २७ हजार येतील, ५८,५५० जातील. शिवाय सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिगरवापर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याचं) लावेल आणि महापालिकेची स्वतः राहणाऱ्यांसाठीची ४० टक्के मिळकत कर सवलत जाईल. (ती आपोआप मिळत नाही, नव्या मालकानं पीटी-३ अर्ज भरायचा असतो, आणि तो भरायचा राहिला की बिल फुगून येतं.)

वाघोलीचा पर्याय फार वेळ टिकला नाही. बांधकाम चालू असलेला ७५ लाखांचा फ्लॅट: जीएसटी ५ टक्के, मुद्रांक ७ टक्के, नोंदणी, पार्किंग आणि आगाऊ मेंटेनन्स धरून ८७ लाखांच्या पुढे. ताबा अडीच वर्षांनी. तोवर उचललेल्या कर्जाचं व्याज साधारण ६ लाख आणि कोथरूडचं भाडं ८ लाख, दोन्ही एकदम. आणि वाघोली शहराच्या पूर्व टोकाला, हिंजवडी पश्चिम टोकाला.

काय ठरलं

टोकन म्हणून ५१ हजार दिले होते, पण पावतीवर एक ओळ घालून घेतली होती: कागदपत्रं वकिलाला पटली नाहीत किंवा पूर्ण रक्कम करारात दाखवायची तयारी नसेल तर टोकन परत. रोखीच्या मुद्द्यावर चौथ्या दिवशी पैसे परत आले. ही ओळ नसती तर एजंटच्या मागे फिरावं लागलं असतं.

मग भाड्याच्या घराचीच घडी नीट बसवली. 'करार अकरा महिन्यांचाच असतो' हा समज महाराष्ट्रात निरर्थक आहे, कारण लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे हाच भाडेकरार, कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ६० महिन्यांपर्यंत मुद्रांकाचा दर तोच. मुदत संपल्यावर भाडेकरू हटला नाही तर मालकाला भाडे नियंत्रण कायद्याखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट भरपाई मिळते, हे समजावल्यावर मालकीणबाई ३६ महिन्यांना तयार झाल्या. पहिल्या वर्षी २७,०००, मग २८,३५०, मग २९,७६८. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक, म्हणजे २,७०० च्या आत, नोंदणी १,०००. पहिले २४ महिने मालकानं घर खाली करायला सांगायचं नाही, भाडेकरूला दोन महिन्यांच्या नोटिशीवर जाता येईल. खिळे, गीझर, नळाची गळती यांचा खर्च कुणी करायचा, तेही लिहिलं. ताबा घेताना काढलेल्या भिंतींच्या फोटोंवर दोघांच्या सह्या.

मुलगी तीन वर्षं त्याच शाळेत राहील, एवढं यातून साधलं. घर घ्यायची निम्मी घाई खरं तर त्यासाठीच होती.

हिशोब पुन्हा कधी मांडायचा तेही ठरवून ठेवलं: त्या सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण झालं तर, तशाच फ्लॅटचं भाडं ३५ हजारांच्या पुढे गेलं तर, किंवा बायकोला हिंजवडीऐवजी शहरात काम मिळून पुढची दहा वर्षं कोथरूड पक्कं झालं तर.

पगार १ तारखेला होतो, म्हणून ३८ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा आपोआप जाणारी गुंतवणूक) ५ तारखेला लावली. पहिल्या महिन्यात ३८ गेले, दुसऱ्या महिन्यात ३८. तिसऱ्या महिन्यात दिवाळी होती, नवा फ्रिज आला, एसआयपीचा काही भाग थांबवला आणि २१ गेले. वर्षाच्या शेवटी सरासरी काढून पाहायची आहे, की सात वर्षांचा आपला आकडा ७.८ च्या जवळ पडतो की ५.७ च्या.